जेवता कोणत्या हातानं?

चिठ्ठी दुसऱ्यांदा परत आली तेव्हा मी डबा खात होते. भाजी कसली होती ते आठवत नाही. त्या वर्षी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. या खेपेला चिठ्ठी शिपायाबरोबर आली नाही. डॉ. पोफळे स्वतःच जिना उतरून तळघरात आले आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर, पोळीच्या शेजारी ठेवली.

“दहातोंडेबाई, हे तुम्ही परत का पाठवलंय?”

माझ्या आडनावात दहा तोंडं आहेत, पण त्या वर्षी त्यातलं एकही फारसं चालत नव्हतं. मी डब्याला झाकण लावलं.

“उत्तर पुरेसं वाटलं नाही, सर.”

“पुरेसं? तुम्ही विचारलंत, रुग्णाचा प्रमुख हात कोणता. मी लिहिलं, उजवा. आता काय लिहू? उजवा, देवाशपथ उजवा?”

सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. डोळे तांबारलेले, खिशाला शाईचा डाग, दाढी तीन दिवसांची. त्याला माझा राग यावा हे अगदी रास्त होतं.

“तुम्ही त्यांना विचारलंत कसं?”

“सगळे विचारतात तसं. जेवता कोणत्या हातानं? म्हणाल्या, उजव्या.”

“आपल्याकडे डाव्या हातानं जेवू कोण देतं, सर?”

त्यानं चिठ्ठी पुन्हा उचलून पाहिली. खुर्ची ओढून बसला. बहुतेक त्या दिवसात पहिल्यांदाच बसत असावा.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि नगरमधल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात रेकॉर्ड विभागात बसत होते. शिक्षण बारावी नापास. आधी नऊ वर्षं केसपेपरच्या खिडकीवर काढली. मग तळघरातले म्हातारे कारकून निवृत्त झाले आणि जाताना कोडिंगचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे देऊन गेले. एका मांडीवर ते आणि दुसऱ्या मांडीवर इंग्रजी-मराठी कोश घेऊन मी शिकले. काम ऐकायला सोपं. डॉक्टर फाईलमध्ये आजार लिहितात, आपण त्याचं अक्षर आणि आकडे करायचे.

पण माणसाची एक बाजू लुळी पडते ना, ती दर जण वेगळी लिहितो. घरचे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. एक डॉक्टर लिहितो अर्धांगवायू, दुसरा लिहितो डावी बाजू अशक्त, तिसरा नुसताच एक बाण काढतो. मला ते सगळं एकाच घरात बसवावं लागायचं. त्या घराचा शेवटचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: बाजू कोणती, आणि ती त्या माणसाची कामाची बाजू आहे का. डावी गेली आणि कामाची होती, तर ब्याण्णव. डावी गेली पण कामाची नव्हती, तर चौऱ्याण्णव. फाईल गप्प असेल तर पुस्तकाचा नियम असा, की उजवी गेली तर कामाची धरा आणि डावी गेली तर बिनकामाची. पुस्तक लिहिणाऱ्यांनी सगळं जग उजवं धरलं होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघायचं.

आणखी दोन नियम होते. डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं समजायचं. आणि शंका आली तर चिठ्ठी पाठवून विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही. मला फाईलबाहेरचं काही ठाऊक असलं, तरी ते माझ्यापाशीच ठेवायचं.

मला ठाऊक होतं.

फाईलवर नाव होतं अनसूया रंगनाथ अंदुरे, वय त्रेसष्ट, राहणार पाथर्डी. व्यवसायाच्या रकान्यात कोणीतरी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. अनसामावशी आमच्या पंचक्रोशीतली कासारीण. यात्रेत, बाजारात, लग्नघरी बांगड्या भरत तिचं आयुष्य गेलं, आणि आमच्या इस्पितळात येऊन ती गृहिणी झाली.

“चौऱ्याण्णव टाका आणि सोडा ना बाई,” पोफळे म्हणाले. “उपचार तर झालेच आहेत.”

“आज गुरुवार आहे, सर. चारला हाताच्या विभागाची यादी निघेल.”

हे मात्र त्यांना कळलं. हाताचा विभाग नवा होता. जागा सहा. ज्याला जागा मिळाली त्याच्या हातावर सहा आठवडे रोज दोन तास काम व्हायचं. यादी दर सहा आठवड्यांनी संगणक काढायचा, आम्ही टाकलेल्या आकड्यांवरून. कामाचा हात गेलेले वर, बाकीचे खाली. खालच्यांना एक छापील कागद द्यायचे, त्यावर चेंडू दाबणाऱ्या हाताचं चित्र होतं. मावशी शुक्रवारी घरी जाणार होती. चौऱ्याण्णव पडला की चेंडूचा कागद.

“तुम्ही ओळखता का या बाईंना?”

मी डबा पिशवीत टाकला.

“मला सांगता येत नाही, सर. पण जेवण सोडून दुसरं काहीही विचारा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले. “चला वर. वेड्यांचाच बाजार आहे.”

दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर मावशी बसली होती. तोंडाची डावी बाजू किंचित ओघळलेली. डावा हात मांडीवर असा ठेवलेला, की कोणीतरी विसरून गेलं असावं. तपासणीच्या आधी काढलेल्या तिच्या बांगड्या रुमालात बांधून उशाशी ठेवल्या होत्या. शेजारी सून प्रतिभा मोसंबी सोलत होती. मी चादरीच्या गठ्ठ्याशी, जरा मागे उभी राहिले.

“मावशी, दोन्ही हात पुढे करा. तळवे वर. आता डोळे मिटा.”

उजवा हात होता तिथं राहिला. डावा हळूहळू आत वळला आणि खाली यायला लागला, कोणाला न सांगता निघून चाललेल्या पाहुण्यासारखा.

“हायेत का न्हाई दोन्ही सारखे?” मिटल्या डोळ्यांनी मावशीनं विचारलं.

प्रतिभानं मोसंबीकडे पाहिलं. डॉक्टरांनी टाचणी काढली आणि डाव्या बोटाला टोचली.

“लागतंय का?”

“काय?”

“काही नाही. उघडा डोळे. मावशी, सुईत दोरा कोणत्या हातानं ओवता?”

“उजव्या.”

“सुपारी कोणत्या हातानं कातरता?”

“उजव्या.”

“चेंडू फेकायचा झाला तर?”

“मी काय चेंडू खेळती का, डाक्टर? चुलीपुढचं मानूस मी.”

प्रतिभा हसली. “आमच्या आत्याबाई सगळं उजव्यानंच करतात, डॉक्टर. उजवा शाबूत राहिला हीच देवाची कृपा. घरी बसून नातवंडं सांभाळतील आता.”

पोफळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘झालं समाधान?’ असं त्यांनी म्हटलं नाही, पण भुवया तेच म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून सिस्टरनं हाक मारली आणि ते गेले. प्रतिभाही औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेली. घड्याळात दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

मी पुढे होऊन स्टुलावर बसले.

“मावशी, ओळखलंत?”

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. मग उजव्या हातानं माझा हात ओढून घेतला, अंगठ्याच्या मुळाशी चाचपला आणि म्हणाली, “दहातोंड्यांत दिलेली तू. हाड नडलं व्हतं तुपलं.”

माझे हात आईवर गेलेले, फावड्यासारखे. विसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं तेव्हा आधीच्या कासारानं माझ्या हातावर तीन बांगड्या फोडल्या. हळदीच्या आधी तीन! आत्या, मावश्या एकमेकींच्या कानाला लागल्या. मग अनसामावशीला बोलावलं. तिनं “पोरगी लाजती, बाहेर व्हा सगळ्या,” म्हणून खोलीचं दार लोटून घेतलं. समोर बसली. माझा हात डाव्या हातात घेतला आणि अंगठ्याखालच्या खळग्यात आपला अंगठा रोवून मळत राहिली, आणि तोंडानं तिच्या शेळीची काहीतरी गोष्ट सांगत होती. उजव्या हातानं नुसती बांगडी धरली होती. बघता बघता माझा तळहात घडी घातल्यासारखा मिटला. “लागतंय का?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. चांगलंच लागत होतं, पण नवऱ्या मुली नाहीच म्हणतात. चौदाच्या चौदा बांगड्या चढल्या. मग तिनं सुपारी कातरली, तीही डाव्यानं. मी विचारलं, “मावशी, डावऱ्या आहात का?” तिनं अडकित्ता पदराखाली घेतला. “गप. सौभाग्याचं लेणं डाव्या हातानं भरती म्हनतील. बोलू नगंस कुठं.”

नाही बोलले. नवऱ्यालासुद्धा नाही.

“मावशी,” मी हळूच म्हटलं, “त्यांना खरं सांगा.”

“काय खरं?”

“तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलणार नाही, शब्द दिलाय. तुम्ही बोला. खाली सहा जागा आहेत. कामाचा हात गेला असं लिहिलं तर रोज दोन तास हातावर मेहनत घेतील. नाहीतर चेंडूचा कागद देऊन घरी पाठवतील.”

“उजवा चांगला हाये की.”

“बांगडी उजवा भरतो का?”

तिनं डाव्या हाताकडे पाहिलं.

“बांगडी काय, कोनीबी चढवंल. हाडं मऊ करतो तो ह्यो.” तिनं उजव्या हातानं डावा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. “सासूनं पयल्याच दिशी सांगितलं, ह्यो पदराखाली ठेव. चाळीस वर्सं ठेवला. आता हितं बसून सुनंपुढं उघडा करू? तिचा चुडा मीच भरलाय. गावात तीन-तीन पिढ्यांचे भरलेत. एखादीचं कुकू पुसलं, की माझ्या दाराशी येतीन, तू डाव्यानं भरलास म्हनून.”

बोलता बोलता तिचं बोट माझ्या मनगटावर आलं आणि थांबलं. दुसऱ्या मनगटाकडे तिनं नुसतं पाहिलं. दोन्ही मोकळी होती.

“मालक?”

“अकरा महिने झाले.”

तिनं माझा हात सोडला. चटका बसल्यासारखा सोडला. ओघळलेलं तोंड आणखी ओघळलं.

“पाह्यलंस? तुपला तर मीच भरला व्हता.”

लोकांना वाटतं, अशा वेळी माणसाच्या पोटात काही हलतं. माझ्या काही हललं नाही. अकरा महिने नव्हतंच हलत. दहाव्याला नाही, वर्षाचे सण एकेक करून आले आणि गेले तेव्हाही नाही. घरी लोक रडायचे आणि मी त्यांना पाणी द्यायचे. त्यामुळे मी तिला जे सांगितलं ते, खाली फाईलवर शेरा लिहावा, तशाच आवाजात सांगितलं.

“मावशी, ते याच इस्पितळात गेले. त्यांची फाईल खाली माझ्याकडेच आली. विभागात दुसरं कोणी नव्हतं, मग मीच कोड केली. कारणांच्या रकान्यात तीन गोष्टी होत्या. रक्तदाब, साखर आणि तंबाखू. मी दोनदा तपासलं. त्यात बांगडी नव्हती. तुमचं नाव कुठे नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत होती.

“फाईलमध्ये जे नाही, ते मी धरत नाही,” मी म्हटलं.

“तूच लिव्हलंस?” तिनं विचारलं. “तुपल्या हातानं?”

“आकडे टाकले. हो.”

“रडलीस का?”

“चारला यादी निघायची, मावशी. त्या दिवशीही निघायची.”

तिनं उजव्या हातानं उशाशी चाचपून रुमाल घेतला, दातांनी गाठ सोडली आणि बांगड्या मांडीवर ओतल्या. तेवढ्यात प्रतिभा औषधं घेऊन आली आणि तिच्यामागून पोफळे. मी स्टुलावरून उठून पुन्हा चादरीच्या गठ्ठ्याशी गेले. नियम तसा होता.

“डाक्टर,” मावशी म्हणाली, “मघाशी तुमी कायबाय इचारलं. मपला धंदा न्हाई इचारला.”

“धंदा? गृहिणी ना?”

“कासारीन हाये मी. प्रतिभा, हात आन तुपला.”

प्रतिभानं हातातल्या गोळ्या ठेवल्या आणि हात पुढे केला. मावशीनं उजव्या हातात बांगडी धरली. मग डाव्याकडे बघून, मनात जोर लावून, तो उचलला. तो वीतभर आला आणि सुनेच्या मुठीवर पडला. अंगठा खळगा शोधत होता. सापडत नव्हता. उजवा हात बांगडी घेऊन तसाच थांबला होता, मालक येईपर्यंत दुकान उघडं टाकून बसलेल्या नोकरासारखा. तीस सेकंद गेली असतील. पोफळ्यांच्या हातात पेन होतं, पण ते लिहीत नव्हते.

“समजलं का?” मावशी म्हणाली. “काम ह्यो करतो. जलमापासून. खाती उजव्यानं, कारन मारलंय लहानपनी. लिव्हा आता, चार वाजायच्या आत.”

प्रतिभा म्हणाली, “आत्याबाई, म्हणजे माझा चुडा डाव्या हातानं भरला तुम्ही?”

“हा.”

“आणि मला नऊ वर्षं सांगितलं नाही?”

“न्हाई.”

प्रतिभानं आपल्या हाताकडे पाहिलं. मावशीचा निर्जीव हात अजून तिच्या मुठीवर पडला होता. तिनं तो दूर केला नाही.

“एक पण पिचली नव्हती त्यातली,” ती शेवटी म्हणाली. “आईकडच्या सगळ्या विचारत होत्या, कोणी भरला म्हणून.” मग डॉक्टरांवर खेकसली, “लिहा ना हो! बघत काय बसलात? चार वाजतील!”

पोफळ्यांनी लिहिलं. आधीचा ‘उजवा’ एका रेघेनं खोडला, शेजारी सही केली, तारीख आणि वेळ टाकली, जशी टाकायला हवी तशी. व्यवसायही बदलला. फाईल माझ्या हातात देताना म्हणाले, “विद्यार्थी असताना असे किती उजवे लिहिले असतील मी?”

मी फाईल घेऊन जिना उतरले. तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी चौऱ्याण्णवचा ब्याण्णव केला. चारला यादी निघाली आणि मावशी पाचवी आली. जागा सहाच होत्या, म्हणजे कोणीतरी सातवं झालं. कोण ते मी त्या दिवशी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. एक्कावन्न वर्षांचा रंगारी, उजवी बाजू, कामाची. त्याची फाईलही मीच केली होती. तो पुढच्या यादीत बसला, सहा आठवड्यांनी. हाताला सहा आठवड्यांचा उशीर म्हणजे नेमकं किती, ते डॉक्टर सांगतील. माझ्याकडे त्याला कोड नव्हता.

सहा आठवडे मी हाताच्या विभागाकडे फिरकले नाही. शेवटच्या दिवशी प्रतिभाच तळघरात आली.

“ताई, आत्याबाई बोलावतायत. म्हणाल्या, फावड्यासारखा हात पाहिजे. इथल्या मुलींचे हात लोण्याचे आहेत, त्यांच्यावर काही कळत नाही.”

“मला काम आहे.”

“तेही म्हणाल्या, की ती असं म्हणेल.”

विभागात लांब टेबल होतं, त्यावर डाळी, नाणी, चिमटे पसरलेले. मावशी टोकाला बसली होती. तोंड बरंच जागेवर आलं होतं. समोर काचेच्या बांगड्यांचा एक तोडा, चॉकलेटी रंगाचा. हिरवा नव्हता. हे तिनं मुद्दाम पाहिलं असणार. 

“बस. दे.”

मी हात दिला. तिनं तो डाव्यात घेतला. पदर खांद्यावर होता, हात उघडा होता, टेबलाभोवतीची सगळी माणसं बघू शकत होती. बोटं जाड आणि संथ चालत होती, घट्ट पीठ मळल्यासारखी. अंगठा चुकला, घसरला, पुन्हा चुकला. पहिली बांगडी फुटली. तिनं तुकडे बाजूला लोटले. दुसरी फुटली. प्रतिभा मागे उभी राहून श्वास धरून होती.

“शेळीचं काय झालं?” मी विचारलं.

“कंची शेळी?”

“माझ्या लग्नात सांगत होता.”

“ती व्हय. मेली ती. पंचवीस वर्सं झाली, का जगंल?” आणि बोलता बोलता अंगठा खळग्यात शिरला.

मला कळलं. म्हणजे आधी नुसतं कळलं, की तो तिथं आहे. मग तो रुतला, हाडं एकमेकांवर सरकली, आणि तळव्यापासून कोपरापर्यंत एक कळ गेली. मी ओठ मिटून घेतले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कधी आलं ते मला माहीत नाही.

“लागतंय का?” मावशीनं विचारलं.

वर्षभर सगळे मला हेच विचारत होते, वेगवेगळ्या शब्दांत.

“हो,” मी म्हटलं. “लागतंय, मावशी. खूप लागतंय.”

“लागू दे,” ती म्हणाली, आणि सोडलं नाही.

बांगडी हाडाशी येऊन अडली होती. पुढे जात नव्हती, मागे येत नव्हती. काढायची घाई आम्हा दोघींनाही नव्हती.